शब्दांची पैसेवारी

पावसाळा सुरू झाला की मराठी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर ढगफुटी सुरू होते. ओढ्याला पूर आला, बांध फुटले, गावचा पूल पाण्याखाली गेला की मथळा ठरलेला असतो: अमुक तालुक्यात ढगफुटी. हवामान खात्याच्या लेखी मात्र ढगफुटी ही मोजून ठरवायची गोष्ट आहे. साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच ती ढगफुटी. त्याखालच्या पायऱ्याही आखलेल्या आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून एक पायरी, ११५.६ पासून दुसरी, २०४.४ च्या पुढे तिसरी. एवढ्या पायऱ्या हाताशी असताना बातमीला सर्वांत वरचाच शब्द हवा असतो. मग कोणी तरी हवामानतज्ज्ञ सांगतो की ही ढगफुटी नव्हती, पर्जन्यमापकावर तसे काही नोंदलेले नाही. त्यावर बातमीदारांनी तोडगा काढला तो 'ढगफुटीसदृश पाऊस'. या 'सदृश'मुळे शब्दाचा धाक तेवढा वापरता येतो आणि पुरावा द्यावा लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्यात पंचाहत्तरसुद्धा भरला नाही. त्या पावसाला आजही मुंबईत कोणी विशेषण लावत नाही. 'सव्वीस जुलै' म्हटले की पुरते.

गंमत अशी की हाच 'सदृश' सरकारी कागदावर उलट्या कामासाठी येतो. 'दुष्काळसदृश परिस्थिती' हे शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाठ झाले आहेत, आणि ते ऐकले की त्याच्या कपाळाला आठी पडते. कारण 'दुष्काळ' जाहीर झाला तर त्यामागून सवलती येतात: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टंचाईच्या गावांना टँकर. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला तिजोरीतून पैसा लागतो. म्हणून त्या शब्दापाशी पोचण्याची वाट फार वर्षे पैसेवारीतून, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले या आकड्यातून गेली. पीक ५० पैशांच्या आत आले की नाही, यावर गावोगाव वाद झाले. पुढे केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळासाठी नवी संहिता आणली आणि पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती असे शास्त्रीय निकष लावले. मे २०१६ मध्ये या 'सदृश'चे प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर राज्य सरकारला सांगावे लागले की २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' जिथे लिहिले आहे तिथे 'दुष्काळ' असे वाचावे. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली आणि महिना संपता संपता १५१ तालुक्यांत दुष्काळ, त्यात ११२ तालुक्यांत गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम. मधल्या आठवड्यात एकोणतीस तालुके गळाले. गळालेल्यांपैकी कुठल्या तालुक्यातल्या माणसाला विचारा, 'सदृश' या तीन अक्षरांची किंमत तो सांगेल.

शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, असे आपण सहज म्हणतो. या दोन 'सदृशां'कडे पाहिले की ते म्हणणे अपुरे वाटू लागते. दुष्काळ हा शब्द काही कमी वापरातला नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून बहात्तरच्या दुष्काळापर्यंत तो मराठी तोंडात आहे, आणि तरी तो उच्चारताना मंत्रालयाला आजही विचार करावा लागतो. ढगफुटी हा त्या मानाने नवा शब्द, पण काही वर्षांतच त्याची रया गेली. फरक वापराच्या संख्येत नाही. 'दुष्काळ' हा शब्द एखाद्या तालुक्याला नाकारला जातो; मथळ्यात 'ढगफुटी' कोणत्याही पावसाला नाकारली जात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जो शब्द कोणाला तरी नाकारता येतो, त्याचे वजन टिकते. आणि तो देताना देणाऱ्याच्या पदरचे काही जाणार असेल, तरच तो नाकारला जातो. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप मांडले, त्याच्या मुळाशी हीच साधी गोष्ट होती: जे येणारच हे आधीपासून ठाऊक असते, ते आल्याने काहीच कळत नाही.

याची मराठीतली सर्वांत जुनी आणि भरगच्च साक्ष पत्रांच्या मायन्यात आहे. मराठेशाहीच्या पत्रांत कोणाला काय लिहायचे याची शिस्त होती. वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव, बरोबरीच्या मातब्बराला अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री. मायना चुकला तर तो अपमान धरला जाई, म्हणून मायन्यावरून लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा दर्जा कळे. पुढे 'राजमान्य राजेश्री' सगळ्यांनाच लागू लागले. टपालखात्याच्या काळात त्याचे 'रा. रा.' झाले, पाकिटावर नावाआधी दोन रकार टाकायची सवय उरली, आणि आता ते थट्टेत तेवढे ऐकू येते. राजाने मान्य केलेला माणूस दोन अक्षरांत मावला, तेव्हाच त्यातला राजा निघून गेला होता. 'श्रीमंत' हा पेशव्यांच्या आणि बड्या सरदारांच्या नावाआधीचा शब्द आज फक्त पैसेवाला एवढ्यावर आला आहे. ब्रिटिशांनी रावसाहेब, रावबहादुर, दिवाणबहादुर अशी उतरंड रचली. एक किताब सैल झाला की वर दुसरा चढवण्याची सोय त्या उतरंडीतच होती. आज रावसाहेब हे घराघरांत हाक मारायचे नाव आहे.

जागा रिकामी झाली म्हणून मान देण्याची हौस थांबली नाही. आजची कुठलीही निमंत्रणपत्रिका समोर ठेवा. भूमिपूजन असो की वाचनालयाचा वर्धापनदिन, प्रमुख पाहुण्यांच्या नावाची ओळ साधारण अशी सुरू होते: 'मा. ना. श्री.', मग नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आणि शेवटी 'साहेब'. एका माणसाभोवती आदराच्या चार खुणा. त्यातला 'ना.' म्हणजे नामदार, तो निदान मंत्र्यापुरता राखलेला आहे. बाकी तीन जणू आपोआप उगवतात. खाली 'मा. आ.', 'मा. खा.', 'मा. प्रा. डॉ.', 'ह. भ. प.' अशी रांग लागते, आणि तळाला स्वागतोत्सुकांच्या यादीत कोषाध्यक्षही 'मा.' असतो. आता असे करून पाहा: त्या यादीतल्या एकाच नावाचा 'मा.' गाळा. कार्यक्रमाच्या आधी फोन येईल, पत्रिका पुन्हा छापावी लागेल, कदाचित वर्गणीही परत मागितली जाईल. सगळ्यांना दिलेल्या 'माननीय'ने कोणाचाच मान वाढत नाही, पण एकाला न दिल्याने त्याचा मान जातो. गुळगुळीत शब्दांबद्दल बोलताना ही बाजू आपल्या ध्यानात येत नाही. शब्दाची गौरव करण्याची ताकद संपली तरी दुखावण्याची ताकद शाबूत राहते, किंबहुना वाढते. म्हणून तो शब्द सोडून देणे कोणा एकाच्या हातात राहत नाही. संपादकाला पटले, निमंत्रकाला पटले, तरी पहिला 'मा.' गाळायचा कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

बिरुदांची गोष्ट याहून बोलकी आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत भरलेल्या जाहीर सभेत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' म्हटले गेले. शाळा, सत्यशोधक समाज, शेतकऱ्यांची बाजू घेऊन केलेले लिखाण, असे चाळीस वर्षांचे काम त्या शब्दामागे उभे होते आणि तो शब्द स्वीकारायला तयार नसलेले लोकही शहरात पुष्कळ होते. 'महर्षी' धोंडो केशव कर्व्यांना मिळाले ते विधवांच्या आश्रमापासून १९१६ च्या महिला विद्यापीठापर्यंतच्या खटाटोपानंतर; विठ्ठल रामजी शिंद्यांना मिळाले ते १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढून त्यात आयुष्य घातल्यानंतर. त्यानंतर सहकारमहर्षी आले, शिक्षणमहर्षी आले, कृषिमहर्षी आले, आणि जिल्ह्याला एक या हिशेबाने ते पुरेनासे झाल्यावर तालुक्याला एक झाले. 'सम्राट'ची गोष्ट तर वेगळ्याच वळणाने गेली. साहित्यसम्राट म्हणजे न. चिं. केळकर, ही एक काळ सांगावी लागू नये अशी गोष्ट होती. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द लोकांनी तयार केला तो कुत्सितपणे. साखरसम्राट त्याच जातीचा. म्हणजे एकाच काळात 'नटसम्राट' आदराने म्हटले जाते, 'शिक्षणसम्राट' टोमणा म्हणून, आणि चौकातल्या फलकावर 'कार्यसम्राट नगरसेवक' गंभीर चेहऱ्याने छापले जाते. त्या फलकावर 'भावी' हा शब्दही असतो. 'भावी आमदार' या बिरुदाला तर कर्तृत्वाचीही गरज नाही, नुसती इच्छा पुरते.

इथे कोणी म्हणेल की बिरुदे वाटली की उतरतातच, त्यात नाकारण्याचा संबंध कुठे आला? त्यासाठी गंधर्वांकडे पाहावे. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले. रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले. सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व, शिवपुत्र कोमकाली कुमार गंधर्व. अर्ध्या शतकाच्या आत एकच शब्द चौघांना दिला गेला, आणि तरी तो उतरला नाही. कारण गंधर्व म्हणवणाऱ्याला त्याच रात्री गावे लागत होते. समोरचा तिकीट काढून बसलेला प्रेक्षक पसंत नसेल तर उठून जाई, पुढच्या खेळाला फिरकत नसे. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो, तिथे आजही नवा गवई ऐकायला बसलेले लोक मान डोलवायची की नाही, हे स्वतः ठरवतात. फलकावरच्या कार्यसम्राटापुढे असा प्रेक्षक नाही. फलक त्यानेच किंवा त्याच्या कार्यकर्त्यांनी लावलेला असतो. देणारा, घेणारा आणि टाळ्या वाजवणारा एकाच मंडळातले. राज्यघटनेने अनुच्छेद १८ मध्ये लष्करी व शैक्षणिक सन्मान सोडून सरकारने किताब देणे बंद केले. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत आणि ते नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ च्या निकालात स्पष्ट केले. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे.

अतिशयोक्ती काही आजची नाही, मग गेल्या तीसेक वर्षांत ती एवढी का फोफावली? माझ्या मते याचे उत्तर स्वभावात कमी आणि दरपत्रकात जास्त आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते; क्रमांक लिहिला की पलीकडे वाक्य उमटे. तार आली म्हटले की घरात धस्स होई, कारण पैसे मोजून कोणी उगाच काही कळवत नसे. भारतातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पेंटर भिंतीवर किंवा पत्र्यावर अक्षरे रंगवायचा, तेव्हा प्रत्येक जोडाक्षराला हात चालवावा लागे. 'कार्यसम्राट' मधला 'र्य' आणि 'म्रा' सुबक काढायचा तर अर्धी सकाळ जायची. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. त्या फुटांत चार शब्द बसवा की चाळीस, छापणाऱ्याचे बिल तेवढेच. २००७ च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या. दिवसाचे चोवीस तास भरायचे आणि घडणाऱ्या गोष्टी मात्र पूर्वीएवढ्याच, तेव्हा 'ब्रेकिंग न्यूज'ची लाल पट्टी पडद्यावरून हलेनाशी झाली. मोबाइलवर तर एक बोट दाबले की श्रद्धांजली वाहून होते, आणि तिच्यासोबत फुले व हात जोडलेले चित्रही जाते. शब्द फुकट झाला की तो आखडता घेण्याचे कारण उरत नाही.

भाषेच्या अभ्यासकांचा आक्षेप वजनदार आहे आणि त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्यही आहे. ते म्हणतील, शब्द झिजणे ही भाषेची रीत आहे, तिच्यावर गळा काढण्यात अर्थ नाही. 'भयंकर' म्हणजे भय उत्पन्न करणारे. आपण 'भयंकर गोड' म्हणतो आणि कोणी दचकत नाही. 'जबरदस्त'मध्ये जबरदस्ती होती, 'प्रचंड'मध्ये उग्रपणा होता, 'खतरनाक'मध्ये धोका. सगळे शेवटी 'खूप'च्या ओळीत येऊन बसले, आणि त्यांची धार गेली तशी 'भारी', 'नादखुळा', 'एक नंबर', 'कडक' अशी नवी मंडळी पुढे आली. कोल्हापूरने या बाबतीत उर्वरित महाराष्ट्राला कायम पुरवठा केला आहे. या शब्दांच्या झिजण्याने कोणाचे काही बिघडत नाही, उलट प्रत्येक पिढीला आपला शब्द शोधायची संधी मिळते. वडिलांनी 'नादखुळा' म्हणायला सुरुवात केली की मुलगा तो सोडतो, इतकी ही व्यवस्था चोख आहे. मात्र तिच्यावर भिस्त ठेवता येते ती भावना जोरात सांगणाऱ्या शब्दांपुरती. 'भारी' गेला तर त्याच्या जागी दुसरा येईल. 'दुष्काळ' गेला तर त्याच्या जागी काय आणणार? ज्या शब्दावर सवलत, मदत, उपचार किंवा सावधगिरी अवलंबून असते त्याला पर्यायी शब्द तयार करून चालत नाही, तो लोकांच्या आणि कायद्याच्या ओळखीचा व्हायला वर्षे जातात.

दुसरा आक्षेप वारीच्या वाटेवरून येतो. आषाढीच्या वाटेवर आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत लाखो माणसे 'ज्ञानोबा-तुकाराम' एवढाच गजर दोन-अडीच आठवडे करतात. पुनरुक्तीने शब्द मरत असते तर पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत त्यांच्यात काही उरायला नको होते. मानसशास्त्राला तात्पुरता बधिरपणा ठाऊक आहे. लिऑन जेकोबोविट्स यांनी १९६२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या प्रबंधात त्याचा अभ्यास केला. एकच शब्द सलग म्हणत राहिले की काही क्षण तो नुसता आवाज वाटू लागतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येतो. पण वारकऱ्याच्या नामाला तोही नियम नीट लागू पडत नाही, कारण ते नाम काही वेगळे करून दाखवण्यासाठी उच्चारलेले नसते. 'राम राम', 'जय भीम', 'नमस्कार' यांचेही तेच. ते माणसे जोडण्याचे शब्द आहेत, माणसे किंवा घटना निवडून काढण्याचे नव्हेत. 'ऐतिहासिक', 'महर्षी', 'ढगफुटी' यांचे कामच निवडून काढण्याचे आहे: हे नेहमीसारखे नाही, एवढे सांगण्यासाठी ते असतात. प्रत्येक अर्थसंकल्प ऐतिहासिक ठरला की इतिहासात नेमका कोणता शोधायचा, हे कळत नाही. म्हणून नामाची आणि विशेषणाची पुनरुक्ती एका मापाने मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. वाचक काही दूधखुळा नसतो, तो 'कार्यसम्राट' वाचताना मनातल्या मनात घट धरतोच, मग नुकसान कोणाचे? बरोबर, धान्य घेताना कचरा-माती धरून वजन करावे तसे सगळे जण ऐकलेल्या शब्दांत घट धरतात. पण घट सरसकट धरली जाते, त्यामुळे तिचा फटका खऱ्या धान्यालाही बसतो. दोन दिवस करमले नाही की 'मला डिप्रेशन आलंय' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. डॉक्टर तो शब्द वापरतात तेव्हा निदान दोन आठवडे टिकलेली, झोप, भूक, काम, जगण्याची इच्छा यांना ग्रासणारी अवस्था त्यांच्यापुढे असते. तशा अवस्थेतली मुलगी घरी हाच शब्द उच्चारते तेव्हा 'आजकाल सगळ्यांनाच येतं ते' असे उत्तर मिळते. तिच्यापाशी दुसरा शब्द नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचेही असेच होऊ शकते. लाल रंगाचा इशारा दिला आणि पाऊस हुकला, तर ती अंदाजाची प्रामाणिक चूक. ढगांपुढे तेवढे मान्य करावे लागते. पण नारिंगी इशाऱ्याच्या दिवशीही मथळ्यात 'हाहाकार' आणि 'थैमान' छापले गेले, तर लाल दिवसासाठी शिल्लक काय ठेवले? दरडीखालच्या वस्तीने रात्रीत घर सोडावे, हे सांगायला तेव्हा कोणता शब्द वापरणार? आणि नेमके बोलणाऱ्याचे नुकसान तर रोजचे आहे. 'पुस्तक चांगले आहे' असे लिहिणाऱ्या परीक्षकावर लेखक रुसतो, कारण शेजारच्या परीक्षणात 'मराठी साहित्यातला मैलाचा दगड' असतो.

भाषाशुद्धीच्या चळवळीने यावर उपाय होईल असे मला वाटत नाही. नवा, ताजा, घडीव शब्द आणला तरी तो फुकट मिळत असेल तर त्याची गतही तीच होणार. शब्द टिकतात ते कुठे, हे पाहायचे असेल तर जिल्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचे निधनवृत्त वाचावे. मराठी पत्रकारितेत याहून शिळी वाक्यरचना सापडणार नाही: अमुक यांचे वयाच्या अमुक वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेच शब्द, त्याच क्रमाने. शेजारच्या पानावर त्याच माणसाच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' अशी मोठ्या अक्षरांतली जाहिरात असते, तिच्यावरून नजर घसरून जाते. निधनवृत्तातला शब्द मात्र कोणी ओलांडत नाही. त्यातल्या प्रत्येक नात्यामागे जिवंत माणूस असतो. धाकट्या सुनेचा उल्लेख राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत कार्यालयातला फोन वाजतो, आणि उपसंपादक निमूटपणे दुरुस्ती छापतो.